शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट: वॉशिंग्टन राज्यात पैसे कोण भरतं आणि आपल्या खिशातून किती जातात

आमची लेक अकरावीत असताना कॉलेजात जायला लागली, तेव्हा पुण्याहून आईने फोनवर विचारलं, "अकरावीला कॉलेजातच जातात की! त्यात नवीन काय?" आईचं बरोबर होतं. आपल्याकडे दहावी झाली की ज्युनियर कॉलेज. अमेरिकेत मात्र अकरावी-बारावी हायस्कूलमध्येच होतात. दुसरा फरक याहून मोठा आहे. आपल्या ज्युनियर कॉलेजची दोन वर्षं पदवीत धरली जात नाहीत. इथे हायस्कूलमध्ये असताना मिळवलेले कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एककं, पुढे पदवीत धरले जातात, म्हणजे तेवढी ट्युशन (कॉलेजचं शिक्षण-शुल्क) वाचते.

किती वाचते? युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये राज्यातल्या विद्यार्थ्याची वर्षाची ट्युशन १३ हजार डॉलरच्या आसपास आहे, राहणं-खाणं वेगळं. पूर्ण वर्ष म्हणजे ४५ क्वार्टर क्रेडिट (क्वार्टर म्हणजे कॉलेजचं अकरा-बारा आठवड्यांचं सत्र). हे सगळे शाळेत असतानाच पदरात पडले, तर त्या घराला केवढा आधार होतो ते वेगळं सांगायला नको. एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी नोकरदारांवर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) मुलांच्या घरी तर जास्तच, कारण त्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज मिळत नाही.

सिएटलजवळच्या बॉथेल, रेडमंड, समामिश भागातल्या मराठी घरांतून मला दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत फोन येतात. प्रश्न एकच असतो: "हे सगळं फुकट आहे म्हणतात, मग हे बिल कसलं?" त्या प्रश्नाचं उत्तर नीट, सावकाश द्यावं म्हणून हा लेख. दोन मुलांच्या वेळचे माझे अनुभव यात आहेत, पण भर आहे तो पैशाच्या वाटेवर. सरकारचा पैसा कुठून निघतो, कोणाच्या हातातून जातो आणि कुठे थांबतो, हे एकदा कळलं की प्रत्येक फॉर्म, प्रत्येक तारीख आणि प्रत्येक बिल कळतं.

आधी वाटा ओळखा

वॉशिंग्टनमध्ये हायस्कूलमध्ये राहून कॉलेजचे क्रेडिट मिळवण्याच्या मुख्य वाटा चार आहेत. पालक त्यांची सरमिसळ करतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिली, रनिंग स्टार्ट. अकरावी-बारावीतलं मूल प्रत्यक्ष कॉलेजात जातं आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांबरोबर बसतं. कायदा १९९० चा आहे. राज्यातली सगळी ३४ कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजं (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेली सरकारी कॉलेजं) यात आहेत, शिवाय काही विद्यापीठंही.

दुसरी, कॉलेज इन द हायस्कूल. इथे मूल शाळेतच राहतं. शाळेचेच शिक्षक शिकवतात, पण त्या शिक्षकांना आणि अभ्यासक्रमाला कॉलेजची मान्यता असते. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा 'यूडब्ल्यू इन द हायस्कूल' हा याच प्रकारातला. नववीपासून बारावीपर्यंत घेता येतो.

तिसरी, परीक्षेची वाट: एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट), आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), केंब्रिज. वर्षभर शाळेत शिकायचं आणि शेवटी बाहेरची परीक्षा द्यायची. गुण चांगले आले तरच क्रेडिट.

चौथी, सीटीई (करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन) ड्युअल क्रेडिट, म्हणजे शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे मोजले जाणारे क्रेडिट. वेल्डिंग, आरोग्यसेवा, लेखाशास्त्र, डिझाइन असे व्यवसायाचे विषय. शाळेचा आणि एखाद्या कॉलेजचा करार असतो, आणि ठरावीक ग्रेड मिळाली की त्या कॉलेजचे क्रेडिट मिळतात. खर्च नसतो किंवा किरकोळ असतो. आपल्या लोकांत या वाटेची चौकशी फार कमी होते. हाताने काम करायची आवड असलेल्या मुलाचं त्यात नुकसान होतं, म्हणून काउन्सेलरला (कोर्स निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला) आवर्जून विचारा.

पैसा कसा फिरतो

सरकारी शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलामागे राज्य त्या शाळा-जिल्ह्याला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) ठरावीक रक्कम देतं. मूल पूर्णवेळ असेल तर पूर्ण रक्कम, अर्धवेळ असेल तर त्या प्रमाणात. पूर्णवेळचं माप म्हणजे १.० एफटीई (फुल टाइम इक्विव्हॅलंट). हा शब्द पुढे सतत भेटेल, त्यामुळे त्याच्याशी ओळख करून घ्या.

मूल रनिंग स्टार्टला गेलं की त्याच्या कॉलेजच्या तासांपुरती राज्याची रक्कम शाळा-जिल्ह्यामार्फत कॉलेजला जाते. त्यातले ७ टक्के जिल्हा स्वतःकडे ठेवतो, कारण काउन्सेलर, ट्रान्सक्रिप्ट (कोर्स आणि ग्रेडचं अधिकृत पत्रक) आणि नोंदी ही कामं त्याच्याकडेच राहतात. उरलेले ९३ टक्के कॉलेजला मिळतात. या पैशाच्या बदल्यात कॉलेज मुलाकडून ट्युशन घेत नाही. थोडक्यात, ट्युशन माफ झालेली नसते. शालेय शिक्षणासाठीच्या पैशातून ती भरली गेलेली असते.

एवढं एक लक्षात ठेवलं तर बाकीची कोडी आपोआप सुटतात. दर क्वार्टरला फॉर्म का भरावा लागतो? कारण जिल्ह्याला दर महिन्याच्या ठरावीक दिवशी हे मूल किती तास शाळेत आणि किती क्रेडिट कॉलेजात आहे ते राज्याला कळवायचं असतं, आणि त्या कागदाशिवाय पैसा हलत नाही. पुस्तकं का मिळत नाहीत? कारण कायद्यात ट्युशनची सोय आहे, पुस्तकांची नाही. व्हिसा का आड येत नाही? कारण हा पैसा शालेय शिक्षणाचा आहे. सरकारी शाळेत शिकणारं एच-४ वरचं मूल त्याला पात्र असतं.

यावरून शाळेची बाजूही समजून घेता येते. कॉलेज इन द हायस्कूलमध्ये मूल शाळेतच असल्यामुळे त्याच्यामागची पूर्ण रक्कम शाळेकडे राहते. रनिंग स्टार्टमध्ये ती बाहेर जाते. एखाद्या शाळेतून ५०-६० मुलं पूर्णवेळ कॉलेजात गेली, तर तिथला एखादा वरच्या पातळीचा वर्ग मुलांअभावी बंद पडू शकतो. त्यामुळे काउन्सेलरने "आमच्याकडचा वर्गही बघा" असं सुचवलं, तर लगेच संशय घेऊ नका. ती सूचना बऱ्याचदा मुलाच्या हिताचीही असते. मात्र पात्र मुलाला रनिंग स्टार्टला जाण्यापासून शाळा अडवू शकत नाही. या वाटांची माहिती पालकांना देणं हे शाळेचं कायदेशीर कामच आहे.

रनिंग स्टार्ट: पायरीपायरीने

दहावीच्या जानेवारी-फेब्रुवारीत माहितीसभा होतात. तिथे मुलासह जा. पण त्याआधी घरी बसून एक कागद तयार करा: मुलाचे हायस्कूलचे किती क्रेडिट झाले, किती राहिले. वॉशिंग्टनमध्ये हायस्कूल पूर्ण करायला २४ क्रेडिट लागतात, आणि कॉलेजात गेल्याने त्यातली एकही अट सुटत नाही. आरोग्य आणि शारीरिक शिक्षण हे हमखास मागे राहणारे विषय. मी ओळखते त्यातल्या दोन मुलांना बारावीच्या शेवटच्या सत्रात, कॉलेजचे ७०-८० क्रेडिट खिशात असताना, पीईसाठी धावपळ करावी लागली.

रूपांतराचा हिशेब सोपा आहे. कॉलेजचे ५ क्वार्टर क्रेडिट म्हणजे हायस्कूलचा १ क्रेडिट. कॉलेजचा इंग्रजीचा एक कोर्स ५ क्रेडिटचा, एका क्वार्टरचा. म्हणजे शाळेत वर्षभर चालणारा विषय कॉलेजात अकरा-बारा आठवड्यांत होतो. ऐकायला छान वाटतं, पण गती तिपटीच्या जवळ जाते. ज्या मुलाला स्वतःहून अभ्यासाला बसायची सवय नाही, त्याला एकदम तीन कोर्स देऊ नका.

पुढची पायरी प्लेसमेंटची. कॉलेज पातळीचं इंग्रजी जमतं का, हे आधी पाहिलं जातं. कुठे शाळेचं ट्रान्सक्रिप्ट चालतं, कुठे छोटी चाचणी असते. इथे पैशाची एक गोष्ट दडलेली आहे. रनिंग स्टार्टचा पैसा फक्त १०० किंवा त्यावरच्या क्रमांकाच्या, म्हणजे कॉलेज पातळीच्या, कोर्सना लागू होतो. गणितात मूल ०९८ सारख्या कोर्सला बसवलं गेलं, तर त्याची ट्युशन घरातून जाते. म्हणून गणिताची चाचणी असेल तर जुनं बीजगणित उजळून मगच द्यायला लावा. आठवडाभराची तयारी काहीशे डॉलर वाचवते.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, एफटीईचा हिशेब. शाळा आणि कॉलेज मिळून राज्य जास्तीत जास्त १.४ एफटीईपर्यंत पैसे देतं. २०२३-२४ च्या आधी ही मर्यादा १.२ होती. त्यामुळे चार वर्षांपूर्वी मूल गेलेल्या ओळखीच्या घराचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. कॉलेजचे १५ क्रेडिट म्हणजे १.० एफटीई.

उदाहरण घेऊ. मूल शाळेत ०.६ आहे. मर्यादा १.४, म्हणून कॉलेजसाठी ०.८ उरतात. १५ गुणिले ०.८ म्हणजे १२ क्रेडिट. ५-५ क्रेडिटचे दोन कोर्स घेतले तर १० झाले, सगळ्या ट्युशनची सोय झाली. हौसेने तिसरा घेतला तर १५ झाले, आणि वरच्या ३ क्रेडिटची ट्युशन तुम्हाला. कम्युनिटी कॉलेजात एका क्रेडिटला सव्वाशे डॉलरहून जास्त लागतात, म्हणजे पावणेचारशे डॉलर तरी गेले. शाळेतला एखादा विषय कमी करून मूल ०.४ वर आलं, तर १.० उरतात आणि तेच १५ क्रेडिट बिनपैशाचे होतात. त्यामुळे शाळेचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक समोर ठेवून, काउन्सेलरकडून एफटीईचा आकडा लिहून घेऊनच कोर्स ठरवा. तोंडी नको.

हा आकडा ज्या कागदावर येतो तो म्हणजे एन्रोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म. आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन असतो. काउन्सेलर, मूल आणि पालक, तिघांची संमती लागते आणि दर क्वार्टरला नवा लागतो. एकदा भरला म्हणजे वर्षाचं काम झालं, असं पुष्कळ घरांत समजतात. हिवाळी क्वार्टरला फॉर्म राहिला तर कॉलेजच्या संगणकाच्या दृष्टीने तुमचं मूल नेहमीचं ट्युशन भरणारं ठरतं, आणि हजार-पंधराशेचं बिल येतं किंवा नाव कमी होतं. असं बिल आलं तर घाबरून भरून टाकू नका. आधी फॉर्म पोचला का ते पाहा.

उन्हाळ्यातही आता १० क्रेडिटपर्यंत सोय आहे, दहावी संपवून अकरावीत जाणाऱ्यांनाही. एक कोर्स उन्हाळ्यात करून बघणं मला फार शहाणपणाचं वाटतं. कॉलेज झेपतं की नाही ते कळतं आणि शाळेची ओढाताण नसते.

घरातून काय जातं

आमच्या घरचं पहिल्या क्वार्टरचं बिल अजून माझ्याकडे आहे. दोन कोर्स, रसायनशास्त्र आणि इंग्रजी. ट्युशनच्या ओळीसमोर रक्कम होती आणि खाली तेवढीच वजा. त्याखाली तंत्रज्ञान फी, विद्यार्थी फी, प्रयोगशाळेची फी, अशा लहान लहान ओळी. त्यांची बेरीज दीडशे डॉलरच्या वर गेली. पुस्तकं आणि प्रयोगशाळेचा चष्मा धरून त्या क्वार्टरला साधारण चारशे डॉलर खर्च झाले. "फुकट" या शब्दाच्या भरवशावर बसलेल्या घराला चारशे डॉलर जड जातात. वर्षात तीन क्वार्टर असतात, हेही लक्षात घ्या.

फीच्या बाबतीत कायदा कॉलेजांना आवश्यक फी घेऊ देतो, पण तिला वरची मर्यादा आहे. आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला फी माफ करावीच लागते. शाळेत मोफत किंवा सवलतीच्या दरातलं जेवण मिळत असल्याचा पुरावा त्यासाठी चालतो, काही वर्षांपूर्वी मिळत होतं याचाही चालू शकतो. इथे आपल्या लोकांशी मला मनापासून बोलायचं आहे. आयटीतली नोकरी जाते, एच-१बी व्हिसाचे, नवी नोकरी शोधायला मिळणारे साठ दिवस सुरू होतात, आणि घर बचतीवर चालतं. अशा वेळी जेवणाच्या सवलतीचा अर्ज करायला आपण लाजतो. तो अर्ज वर्षात कधीही करता येतो, आणि त्या एका कागदावर कॉलेजची फी, एपीची फी आणि पुढे विद्यापीठांच्या अर्जांची फीही कमी होते. मुलाच्या हक्काचं आहे, अर्ज करा.

पुस्तकांचा खर्च सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त कमी करता येण्यासारखा. कोर्स निवडतानाच कॉलेजच्या वेळापत्रकात 'ओईआर' किंवा 'लो कॉस्ट' अशी खूण शोधा. ओईआर म्हणजे मोफत खुलं पाठ्यपुस्तक. एकाच विषयाचे तीन वर्ग असले आणि त्यातल्या एकाला ही खूण असली, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. कॉलेजच्या ग्रंथालयात 'रिझर्व्ह'मध्ये पुस्तकं असतात, दोन-दोन तासांसाठी मिळतात. काही कॉलेजं आणि शाळा-जिल्हे रनिंग स्टार्टच्या मुलांना पुस्तकं उसनी देतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आणि अप्पा बळवंत चौकाबद्दल. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर कॅल्क्युलसचं किंवा फिजिक्सचं स्वस्त भारतीय आवृत्तीचं पुस्तक मागवायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय. आम्हीही केला. पुस्तक आलं, मजकूर तोच होता, पण गृहपाठ ऑनलाइन होता आणि त्यासाठी लागणारा ॲक्सेस कोड भारतीय आवृत्तीत नव्हता. काही उदाहरणांचे क्रमांकही वेगळे निघाले. कोड वेगळा विकत घ्यावा लागला. म्हणून आधी प्राध्यापकांना एक ओळ लिहून विचारा: कोड लागतो का, जुनी आवृत्ती चालते का? जुनी आवृत्ती चालते असं उत्तर आलं, तर पुस्तक दहा-पंधरा डॉलरमध्ये मिळून जातं.

प्रवासाची सोय शाळा करत नाही. पण सप्टेंबर २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक बससेवा १८ आणि त्याखालच्या मुलांना मोफत आहेत, साउंड ट्रान्झिटच्या रेल्वेसह. मुलाला गाडी घेऊन द्यायच्या आधी एकदा बसचा मार्ग बघा. गाडी म्हटली की विमा आणि पार्किंगचा परवाना आलाच.

कॉलेज इन द हायस्कूल: फुकट आहे, पण नाव नोंदवा

२०२३ पर्यंत या वाटेला क्रेडिटमागे पैसे पडत. ५ क्रेडिटच्या कोर्सला काहीशे डॉलर जायचे. विचित्र परिस्थिती होती: एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे, एकच परीक्षा देणारी मुलं, आणि ज्यांचे पालक पैसे भरू शकले त्यांनाच क्रेडिट. २०२३ च्या कायद्याने हे थांबवलं. आता राज्यातल्या सरकारी कॉलेज-विद्यापीठांचे हे कोर्स सरकारी शाळेतल्या मुलांना पूर्ण मोफत आहेत, आणि कॉलेजांचा खर्च राज्य देतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या राज्याने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक आहे. खाजगी शाळेतल्या मुलांना मात्र फी लागू शकते.

पैसे गेले, पण नोंदणी उरली. वर्गात बसणं आणि कॉलेजकडे क्रेडिटसाठी नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी कॉलेजच्या संकेतस्थळावर मुलाने स्वतः करायची असते, ठरावीक मुदतीत. आमच्या मुलाने वर्षभर तो वर्ग केला, ए-मायनस मिळवला, आणि जूनमध्ये कळलं की त्याची नोंदणीच झालेली नव्हती. मुदत शरदातच संपली होती. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आहे, पण विद्यापीठाचे क्रेडिट शून्य. शाळेच्या ईमेलमध्ये सूचना होती, ती त्याच्या शाळेच्या खात्यात पडून राहिली. पुन्हा अर्ज करून काही झालं नाही. वर्ग सुरू झाल्या आठवड्यातच शिक्षकांना विचारा: "क्रेडिटची नोंदणी कधी उघडते, कधी बंद होते?" आणि नोंदणी झाल्याचा ईमेल डोळ्यांनी बघा.

आणखी एक गोष्ट. नोंदवलेली ग्रेड ही विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवरची कायमची नोंद असते. वर्ग जड जात असेल तर नाव काढून घेण्याची मुदतही असते, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एपीचा हिशेब

एपीचा वर्ग शाळेत मोफत, परीक्षेला पैसे. २०२५ मध्ये एका विषयाची फी ९९ डॉलर होती, सेमिनार आणि रिसर्च या दोन विषयांची १४७. परीक्षा मे महिन्यात, पण परीक्षेची मागणी शाळेने नोव्हेंबरच्या मध्याच्या आत नोंदवायची असते. ती चुकली तर ४० डॉलर जादा. नोंदवून परीक्षा दिली नाही तरी ४० जातात. कमी उत्पन्नाच्या घरांना कॉलेज बोर्डाकडून (एपी परीक्षा घेणारी संस्था) विषयामागे ३७ डॉलर सवलत असते, आणि शाळा किंवा राज्य त्यावर आणखी भर घालतं का ते शाळेतल्या एपीच्या समन्वयकांना विचारायचं.

वॉशिंग्टनमधल्या सरकारी विद्यापीठांत ५ पैकी ३ किंवा त्याहून जास्त गुणांना क्रेडिट मिळतात. पण ते विषयाचेच मिळतील असं नाही. कधी ते नुसते ऐच्छिक क्रेडिट म्हणून जमा होतात, आणि मूळ विषय पुन्हा घ्यावा लागतो. मुलाला ज्या शाखेत जायचंय, तिथे कोणत्या गुणांना कोणता कोर्स सुटतो, हा तक्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. तो पाहून मगच किती परीक्षांचे पैसे भरायचे ते ठरवा. पाच विषय म्हणजे जवळपास पाचशे डॉलर.

काही वर्ग एकाच वेळी एपीचेही असतात आणि कॉलेज इन द हायस्कूलचेही. तेव्हा पालक विचारतात, दोन्ही कशाला? मूल वॉशिंग्टनमध्येच शिकणार असेल तर कॉलेजचे क्रेडिट पुरेसे आहेत, परीक्षेचे पैसे वाचवा. बाहेरच्या राज्यात किंवा नामांकित खाजगी विद्यापीठात जायची इच्छा असेल, तर परीक्षाही द्या, कारण एपीचे गुण देशभर ओळखीचे आहेत.

जे बिलात दिसत नाही

पैशाच्या हिशेबात सगळ्यात महाग पडतो तो वाया गेलेला क्रेडिट. बऱ्याच खाजगी विद्यापीठांचा नियम असतो की, जो कोर्स हायस्कूल पूर्ण करण्यासाठी वापरला तो आम्ही पुन्हा पदवीत धरणार नाही. रनिंग स्टार्टचे कोर्स तर दोन्हीकडे मोजण्यासाठीच घेतलेले असतात. त्यामुळे अशा विद्यापीठाची आस असेल तर त्यांचा नियम दहावीतच वाचा. राज्यातल्या राज्यात मात्र परिस्थिती चांगली आहे. ९० क्रेडिटची 'डायरेक्ट ट्रान्सफर' असोसिएट पदवी (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) पूर्ण केली, तर राज्यातली सरकारी विद्यापीठं साधारणपणे पहिल्या दोन वर्षांचं सामान्य शिक्षण पूर्ण झालं असं धरतात. अभियांत्रिकी आणि कॉम्प्युटर सायन्सला मात्र पूर्वअटींची यादी वेगळी असते. तिथे ९० कसेही क्रेडिट उपयोगाचे नाहीत, गणित आणि विज्ञानाचे नेमके कोर्स लागतात.

दुसरं, ग्रेड. कॉलेजात पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळालेली सी किंवा डी कायम राहते. डॉक्टर व्हायचं स्वप्न असलेल्या घरांनी हे मनावर घ्यावं: वैद्यकीय प्रवेशाच्या सामायिक अर्जात हायस्कूलमध्ये असताना केलेल्या कॉलेज कोर्सचंही ट्रान्सक्रिप्ट द्यावं लागतं आणि त्या ग्रेड सरासरीत धरल्या जातात. पुढे सरकारी आर्थिक मदत घेताना समाधानकारक प्रगतीचा जो निकष लावतात, त्यातही हे जुने कोर्स मोजले जाऊ शकतात. कोर्स झेपत नसेल तर मुदतीत सोडणं चांगलं, आणि सोडायच्या आधी शाळेच्या काउन्सेलरशी बोला, कारण हायस्कूलचा क्रेडिटही त्याबरोबर जातो.

तिसरं, वेळापत्रक. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला, कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी. सुट्ट्या जुळत नाहीत. भारतात जायची तिकिटं काढताना दोन्ही कॅलेंडर समोर ठेवा. डिसेंबरमध्ये शाळेला सुट्टी लागायच्या आधीच कॉलेजचं क्वार्टर संपतं आणि जानेवारीच्या पहिल्या दिवसांत पुढचं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात वर्गात दिसलं नाही तर प्राध्यापक नाव कमी करू शकतात. भाच्याच्या लग्नासाठी आठ दिवस थांबलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. मुलाची गणिताची जागा गेली आणि पुढचा कोर्स एक क्वार्टर लांबला.

दुसऱ्या राज्यात असाल तर

ही व्यवस्था राज्याराज्यात बदलते. मिनेसोटाने १९८५ मध्ये देशात पहिल्यांदा अशी सोय केली, आणि तिथे पुस्तकांच्या खर्चाचीही सोय आहे. ओहायोच्या कॉलेज क्रेडिट प्लसमध्ये सातवीपासून प्रवेश आहे, सरकारी शाळेतल्या मुलाची पुस्तकं जिल्हा देतो, पण मूल नापास झालं तर जिल्हा पैसे परत मागू शकतो. फ्लोरिडात मुलाला ट्युशन आणि फी दोन्ही नसतात. टेक्सासमध्ये २०२३ च्या कायद्याने आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांना ड्युअल क्रेडिट मोफत करण्याची सोय झाली, इतरांना जिल्हा-कॉलेजच्या करारानुसार पैसे पडतात. तुम्ही कुठेही असलात तरी काउन्सेलरला हेच विचारा: ट्युशन कोण भरतं, फी कोण भरतं, पुस्तकं कोणाची, प्रवास कोणाचा, नापास झाल्यास काय, आणि क्रेडिटसाठी वेगळी नोंदणी लागते का?

शेवटची पायरी, बारावीच्या जूनमध्ये

सगळं नीट झालं तरी हे एक काम राहून जातं. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर कॉलेजचे कोर्स दिसतात, म्हणून पालकांना वाटतं विद्यापीठाला सगळं पोचलं. विद्यापीठ क्रेडिट देतं ते कॉलेजकडून थेट आलेल्या अधिकृत ट्रान्सक्रिप्टवर. जितक्या कॉलेजांचे कोर्स केले तितकी ट्रान्सक्रिप्टं, आणि कॉलेज इन द हायस्कूलचं वेगळं. शेवटच्या क्वार्टरच्या ग्रेड लागल्यावर, जूनच्या शेवटी मागवा. आधी मागवलं तर वसंत क्वार्टर त्यात नसतं. एपीचे गुण एका विद्यापीठाला २० जूनपर्यंत मोफत पाठवता येतात, त्यानंतर प्रत्येक अहवालाला १५ डॉलर. आणि विद्यापीठाच्या पहिल्या कोर्स-निवडीच्या बैठकीला जाताना त्या सगळ्या ट्रान्सक्रिप्टांच्या प्रती मुलाच्या फोनमध्ये असू द्या. अधिकृत कागद अजून संगणकात चढलेले नसले, तरी समोरचा सल्लागार त्या बघून योग्य गणितात बसवतो.